स्वयंपाकघर घाटावरून आणू नका

फ्लॅटचा ताबा मिळाला, किंवा जुनं घर पाडून नवं उभं राहिलं, की रत्नागिरीत एक सल्ला हमखास कानावर येतो. ‘इथे काय मिळणार? कोल्हापूरला जा, नाहीतर सरळ मुंबईहून मागवा. ब्रँडेडच घ्या. चार पैसे जास्त गेले तरी चालतील, स्वयंपाकघर काय रोज रोज होतं का?’ सल्ला देणारे आपलेच असतात. मुंबईचा भाऊ असतो, पुण्याची वहिनी असते, नुकतंच घर सजवून झालेला शेजारी असतो. हेतू चांगला असतो, म्हणून कोणी उलट प्रश्न विचारत नाही. दीड-दोन लाखांत सगळं बसवायचं ठरवलेलं कुटुंब मग एका रविवारी घाट चढतं, झगमगत्या शोरूममध्ये दोन तास फिरतं आणि ॲडव्हान्स देऊन परत येतं.

हा सल्ला चुकीचा आहे, आणि ज्यांच्याकडे पैसे मोजके आहेत त्यांनाच त्याची सगळ्यात जास्त झळ बसते, म्हणून त्याला उत्तर देणं भाग आहे. बजेट बेताचं असेल आणि घर रत्नागिरीत असेल, तर ओटा दगडाचा ठेवा, खालचे कप्पे कडाप्प्याचे करा, ट्रॉल्या आणि दारं गावातल्याच कारागिराकडून करून घ्या, आणि त्यातून वाचेल ते चांगलं स्टील, चांगली चॅनेलं आणि चांगल्या बिजागऱ्यांवर घाला. स्वयंपाकघर कुठून घ्यायचं हे ठरवताना रंग, फिनिश आणि कॅटलॉग नंतर बघा. आधी विचारा की भर जुलैत ट्रॉली अडकली तर ती सोडवायला कोण येणार आणि किती दिवसांत येणार.

समोरच्या बाजूचा पहिला मुद्दा टिकाऊपणाचा. ब्रँडेड माल टिकतो, असं म्हणतात. टिकतो, पण कुठे, हे कोणी विचारत नाही. पुण्यात वर्षाला साधारण सातशे मिलिमीटर पाऊस पडतो. रत्नागिरीत तीन हजारांहून जास्त पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्या चार महिन्यांत कपाटातले कपडे दमट होतात, मिठाच्या बरणीत पाणी सुटतं, चपलांवर बुरशी धरते. मिऱ्या, मांडवी, भाट्ये या बाजूला घर असेल तर हवेतलं मीठ वेगळंच. अशा हवेत कोणतं फर्निचर टिकेल हे त्याच्या नावावर ठरत नाही, ते कशाचं बनलंय त्यावर ठरतं.

‘अमुक रुपयांपासून सुरू’ अशी जाहिरात असलेल्या स्वयंपाकघराचा आतला बॉक्स बहुधा पार्टिकल बोर्डाचा किंवा एमडीएफचा असतो. पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा चुरा डिंकात कालवून, गरम करून, दाबून केलेला तक्ता. त्यातला डिंक सहसा युरिया फॉर्माल्डिहाइडचा असतो, आणि उष्णता नि ओल या दोन्हींपुढे तो हळूहळू हार मानतो. वरून लॅमिनेट कितीही गुळगुळीत असो, पाणी आत शिरतं ते कापलेल्या कडेतून आणि पाइपसाठी पाडलेल्या भोकातून. बोर्ड एकदा फुगला की वाळल्यावर पुन्हा मूळ जाडीला येत नाही. सिंकखालचं दार उघडून बघा. मागच्या भोकाभोवती बोर्डाची कड फुगून लॅमिनेट वर उचललेलं दिसेल, बोटानं दाबलं तर भुसा हाताला लागेल. बिजागरीची वाटी बसवायला दारात पस्तीस मिलिमीटरचं भोक पाडलेलं असतं. त्याच्या बाजूचे स्क्रू त्या भुशात सैल होतात, दार खाली झुकतं आणि शेजारच्या दाराला घासायला लागतं. तिथे पुन्हा स्क्रू धरत नाही. मिस्त्री आला तरी तो करणार काय? दार बदला, एवढंच सांगणार.

‘आम्ही साधा बोर्ड वापरत नाही, एचडीएचएमआर वापरतो,’ असं उत्तर हल्ली मिळतं. तो बोर्ड साध्या एमडीएफपेक्षा नक्कीच घट्ट आहे आणि दमट हवा बरीच सोसतो. पण दमट हवा सोसणं वेगळं आणि सिंकखाली साचलेल्या पाण्यात महिनोन्‌महिने राहणं वेगळं. काही बोर्ड आतून हिरवे दिसतात आणि ‘बघा, हिरवा आहे, वॉटरप्रूफ’ म्हणून ते विकले जातात. तो हिरवा रंग ओळखीसाठी मिसळलेला असतो. रंगानं पाणी अडत नाही.

प्लायच्या बाबतीतही शब्दांची अशीच गल्लत होते. भारतीय मानकांत सर्वसाधारण वापराच्या प्लायचा क्रमांक आयएस ३०३ आणि मरीन प्लायचा आयएस ७१०. आयएस ७१० च्या प्लायचा नमुना ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून तपासतात. त्यात फिनॉलचा डिंक असतो, तो पाण्यात सुटत नाही, आणि लाकडाला वाळवी-बुरशीविरुद्ध औषधही दिलेलं असतं. दुकानात ‘वॉटरप्रूफ’ हा शब्द मात्र दोन्हींना सर्रास लावतात. म्हणून शब्द ऐकू नका, तक्त्यावरचा छापा वाचा. आयएसआयची खूण आहे का आणि तिच्याबरोबर ७१० हा आकडा आहे का, एवढं बघा. तरीही मन मानत नसेल तर चार इंचांचा तुकडा मागून घ्या, घरी जुन्या पातेल्यात चार तास खळखळ उकळा आणि गार झाल्यावर कडेकडेनं नखानं पदर उचलून बघा. चांगल्या प्लायचे पदर सुटत नाहीत. शेजारी साध्या पाण्याच्या बादलीत पार्टिकल बोर्डाचा तुकडा रात्रभर बुडवून ठेवा. सकाळी दोन्ही तुकडे ओट्यावर ठेवले की कोणत्या सेल्समनचं काय ऐकायचं ते आपोआप ठरेल.

एक गोष्ट मान्य करायलाच हवी. मोठ्या कंपन्याही ७१० चा प्लाय देतात. पण तो घेतला की दर वेगळा होतो आणि दीड-दोन लाखांचं बजेट तिथेच संपतं. म्हणजे ज्याच्या खिशात मोजके पैसे आहेत त्याला ब्रँडचं नाव मिळतं, ब्रँडचा चांगला माल मिळत नाही. ब्रँडेड घ्या असं सांगणाऱ्यांनी याचा विचार केलेला नसतो.

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं ते आपल्या सगळ्यांच्या लक्षात आहे. पुराचं पाणी ओसरल्यावर कडाप्प्याचे कप्पे आणि ग्रॅनाइटचा ओटा चिखल काढून, धुऊन पुन्हा वापरात येतो. पार्टिकल बोर्डाचा बॉक्स बाहेर फेकण्याशिवाय इलाज नसतो. पूर रोज येत नाही हे खरं. पण सिंकचा पाइप कधी ना कधी गळतो, गॅलरीतून पावसाची झड आत येते, फरशी पुसताना पाणी कडेला जातं. आपण जमीन पुसणारी, मासे साफ करणारी, नारळ फोडणारी माणसं आहोत. आपल्या स्वयंपाकघरात पाणी असणारच, आणि ते गृहीत धरूनच ओटा बांधायला हवा.

आता वाळवी. जांभ्याच्या जमिनीवरचं घर आणि वाळवी यांचं नातं कोकणात कोणाला नव्यानं सांगायला नको. जमिनीला टेकलेली लाकडी पेटी तिच्यासाठी उघडं निमंत्रण असते. कडाप्प्याचे उभे तक्ते आणि त्यांत बसवलेल्या स्टीलच्या ट्रॉल्या, या रचनेत वाळवीला खायला उरतात ती फक्त दारं, आणि तीही जमिनीपासून चार-सहा इंच वर.

चाकरमान्यांच्या बंद घरांचा प्रश्न तर आणखी गंभीर आहे. शिमग्याला, मे महिन्यात आणि गणपतीत उघडणारं घर भर पावसाळ्यात बंद असतं. खिडक्या लावलेल्या, हवा खेळत नाही. अशा घरात एमडीएफच्या बंद कपाटांच्या आत बुरशीचा थर बसतो, आणि ते बघायलाही कोणी नसतं. मुंबईत राहणारे लोक मुंबईतल्याच शोरूममधून गावच्या घरासाठी मॉड्युलर किचन पाठवतात, तेव्हा त्या मालासाठी सगळ्यात वाईट जागा त्यांनी निवडलेली असते. बंद राहणाऱ्या घरात खालचे कप्पे उघडे ठेवा किंवा दारांना जाळी लावा. हवा खेळती राहिली तरच सामान वाचतं.

दुसरा मुद्दा वॉरंटीचा. दहा वर्षांची वॉरंटी गावचा सुतार कुठून देणार, असं विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण वॉरंटीचा कागद एकदा शांतपणे वाचा. पाणी मुरल्यानं आलेला फुगवटा, गंज, नेहमीच्या वापरातली झीज हे बहुतेक वॉरंटीपत्रांत वगळलेलं असतं. आपल्याकडे जे बिघडतं तेच नेमकं त्या यादीत असतं. कोकणात दार काही अचानक तुटून पडत नाही, ते फुगतं. चॅनेल मोडत नाही, ते गंजतं. म्हणजे वॉरंटी अशा बिघाडांची मिळते जे इथे क्वचित होतात.

वॉरंटीत बसणारा बिघाड झालाच, तर माणूस कुठून येणार? कोल्हापूर रत्नागिरीपासून एकशेतीस किलोमीटरच्या आसपास, मधे आंबा घाट. जुलै २०२१ च्या पावसात याच घाटात दरडी कोसळून रस्ता बंद पडला होता. मुंबई साडेतीनशे किलोमीटरच्या घरात, आणि महामार्गाच्या कामाचं रडगाणं सगळ्यांना ठाऊक आहे. एका ट्रॉलीचं चॅनेल बदलायला कोणती कंपनी एवढ्या लांब माणूस पाठवेल? ‘त्या भागात आणखी दोन-तीन तक्रारी जमल्या की एकदम पाठवतो,’ असं उत्तर मिळतं, आणि धंद्याच्या हिशोबानं ते बरोबरही आहे. पण तोवर डाळ-तांदळाची ट्रॉली बंद राहते ती तुमच्या घरात. कुवारबावचा किंवा मिरजोळ्याचा ट्रॉलीवाला संध्याकाळी काम आटोपून जाता जाता येतो, अर्ध्या तासात चॅनेल बदलतो. त्याच्याकडे छापील वॉरंटी नसेल. पण त्याचं दुकान गावात आहे, त्याची पुढची चार कामं तुमच्याच आळीतून यायची आहेत, आणि बाजारात तुमची-त्याची गाठ पडणार आहे. ही जबाबदारी त्याला टाळता येत नाही.

तिसरा मुद्दा किमतीचा. ‘शहरात स्वस्त पडतं, दर स्क्वेअर फुटाला इतका, सगळं स्पष्ट,’ असं सांगतात. हिशोब करून बघू. दहा फुटांचा ओटा, खालच्या दारांची उंची अडीच फूट, म्हणजे खाली २५ स्क्वेअर फूट. वरची कपाटं दोन फूट उंच धरली तर २० स्क्वेअर फूट. मिळून ४५. समजा, दर फुटाला १,८०० रुपये सांगितला, तर आकडा होतो ८१ हजार, आणि घरी येताना आपण तोच डोक्यात घेऊन येतो. पण तो दर अनेकदा नुसत्या बॉक्सचा आणि दारांचा असतो. ट्रॉल्या वेगळ्या, कोपऱ्यातली फिरती जाळी वेगळी, हँडल वेगळी, माळा वेगळा, सिंक आणि नळ वेगळे, घाटातून माल आणायचं भाडं वेगळं, फिटिंग वेगळं. या सगळ्यावर १८ टक्के जीएसटी. नुसत्या ८१ हजारांवरच तो १४,५८० रुपये होतो. म्हणून कोणत्याही कोटेशनवर एकच वाक्य लिहून मागा: ‘बसवून, करासकट, शेवटची रक्कम.’ जो ते लिहून देत नाही त्याचा दर स्वस्त आहे की महाग, हे ठरवताच येत नाही. गावच्या कारागिराकडूनही हेच लिहून घ्या. प्लाय आणि लॅमिनेट विकत घेताना कर भरावा लागतोच. बिल सोडू नका, पुढे तक्रार करायची वेळ आली तर हातात कागद हवा.

हप्त्यांची भुरळ तर याहून महाग पडते. दोन लाखांचं स्वयंपाकघर १५ टक्के व्याजानं तीन वर्षांच्या हप्त्यांवर घेतलं तर महिन्याला साधारण ६,९३३ रुपये होतात. ३६ हप्त्यांत अडीच लाखांच्या घरात रक्कम जाते. वरचे पन्नास हजार म्हणजे घरातल्या सगळ्या ट्रॉल्यांसाठी उत्तम स्टील. ‘शून्य टक्के व्याज’ म्हणून कोणी सांगितलं तर ध्यानात ठेवा, शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते हे रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना बजावलं होतं. ते व्याज कुठेतरी किमतीत किंवा प्रोसेसिंग फीमध्ये लपलेलं असतं.

समोरच्या बाजूचा सगळ्यात बळकट मुद्दा मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण तो खरा आहे. गावातले कारागीर वेळ पाळत नाहीत. पंधरा दिवसांचं काम दोन महिने रेंगाळतं. शिमगा आला की गाडं अडतं, गणपती आले की पुन्हा अडतं. हातानं लावलेली कडेची पट्टी एका पावसाळ्यात सुटते. काही ठिकाणी दुकानदार सुताराला कमिशन देतो आणि तुमच्या गळ्यात हलका प्लाय पडतो. हे सगळं घडतं, आणि ज्यांनी ते सोसलंय त्यांचा राग रास्त आहे. पण या दुखण्यांवर घाट चढून जाणं हा उपाय नाही. उपाय आपल्या हातात आहेत आणि ते आपण वापरत नाही.

काम सुरू होण्याआधी कागदावर लिहून घ्या. प्लायची कंपनी आणि आयएस क्रमांक, दारांची जाडी, लॅमिनेटचा नंबर, चॅनेलची कंपनी आणि त्याची वजन पेलायची क्षमता, स्टीलचा ग्रेड, कामाची शेवटची तारीख, आणि दोघांच्या सह्या. माल आणायला कारागिराबरोबर स्वतः जा. मजुरी वेगळी आणि माल वेगळा ठेवला की कमिशनचा प्रश्न बराचसा सुटतो. दारांच्या कडा हातानं करू देऊ नका. तक्ते कापून, कडेची पट्टी मशीनवर लावून घ्या. असं मशीन ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून ते काम करून आणायला कारागिराला सांगा, त्यासाठी फेरी आणि पैसे थोडे जास्त लागले तरी चालतील. यंत्राची कड हाताच्या कडेपेक्षा सरस असते, याबाबतीत शोरूमवाल्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे.

आणि पैसे टप्प्यानं द्या. तीस टक्के ॲडव्हान्स, चाळीस टक्के माल घरी आल्यावर, वीस टक्के बसवून झाल्यावर. उरलेले दहा टक्के एक पावसाळा गेल्यावर, अनंत चतुर्दशीनंतर. ही शेवटची अट घालायची सवय रत्नागिरीतल्या प्रत्येक घरानं लावून घ्यावी असं मला मनापासून वाटतं. ज्या कारागिराला आपल्या कामाची खात्री आहे तो तिला कबूल होतो. एका पावसाळ्यात दार फुगलं, चॅनेल गंजलं, पट्टी सुटली तर ते दुरुस्त करून तो आपले दहा टक्के घेऊन जातो. कोल्हापूरच्या किंवा मुंबईच्या शोरूममध्ये ही अट मांडून बघा. पूर्ण पैसे भरल्याशिवाय माल गाडीत चढणार नाही, हेच उत्तर मिळेल. गावात घ्यायचा सगळ्यात मोठा फायदा हाच, की थोडे पैसे आपल्या हातात राखून ठेवता येतात.

बसवलेलं स्वयंपाकघर श्रीमंतांची चैन म्हणून जन्मालाच आलं नव्हतं. १९२६ साली फ्रँकफर्ट शहरानं कमी भाड्याची घरं बांधायला घेतली, तेव्हा मार्गारेटे शुट्टे-लिहोट्स्की या ऑस्ट्रियन वास्तुविशारद बाईंनी त्या घरांसाठी एक छोटं स्वयंपाकघर आखलं. काम करणारी बाई ओट्यापासून चुलीपर्यंत, चुलीपासून सिंकपर्यंत किती पावलं चालते हे तिथे मोजलं गेलं आणि त्यावरून कप्पे ठरले. पिठाचे खण ओकच्या लाकडाचे केले, कारण त्यात पिठाला कीड लागत नाही. डाळ-तांदूळ-साखरेसाठी अल्युमिनियमचे ओतायचे खण केले. सुमारे दहा हजार घरांत ते स्वयंपाकघर बसलं. आजच्या सगळ्या मॉड्युलर किचनची ही आजी. तिच्यापासून घ्यायचा धडा असा की घराची गरज आधी, कीड आणि हवा लक्षात घेऊन लाकूड नंतर, आणि दिसणं शेवटी. फ्रँकफर्टमध्ये फ्रँकफर्टच्या बाईची पावलं मोजली गेली. रत्नागिरीतल्या बाईची पावलं मोजायला रत्नागिरीतलाच माणूस लागतो.

कारण आपल्या स्वयंपाकघराला काय काय लागतं बघा. आगोटीची भरणी म्हणजे काय ते शोरूमच्या डिझायनरला कळत नाही. पावसाच्या तोंडावर घरात तांदूळ, कुळीथ, मीठ, सुके बोंबील, सोडे, आमसुलं, पापड, सांडगे येतात. त्यांचे डबे मोठे, बरण्या उंच. शोरूमच्या ठरावीक उंचीच्या जाळ्यांत ते बसत नाहीत, मग दोन लाखांच्या स्वयंपाकघराशेजारी जमिनीवर पिंप उभं राहतं. सुक्या माशांचा डबा तांदळापासून दूर, हवा लागेल असा हवा. नारळांना उघडी जागा हवी. विळी आणि खवणी ठेवायला आडवा कप्पा हवा. सिलिंडर बाहेर ओढता आला पाहिजे. गावचा ट्रॉलीवाला घरी येतो, डबे समोर ठेवायला सांगतो, टेपनं त्यांची उंची मोजतो आणि त्या मापानं ट्रॉलीचे सांगाडे वळवतो. हे काम बजेटमध्ये दुसऱ्या कुठेच होत नाही.

ओट्याची उंचीही तशीच. तयार मापाचे ओटे ३४ ते ३६ इंचांचे. पाच फूट उंचीच्या आईला त्यावर पोळ्या लाटताना खांदे वर करून लाटावं लागतं. हात कोपरात वाकवून उभं राहिलं की कोपराच्या चार-पाच इंच खाली ओटा यावा, तिच्यासाठी तो ३२ इंचांचाच बरोबर. दगडी ओटा गवंडी हवा तसा बांधतो. कॅटलॉगमधला तसा मिळत नाही.

पैसे कुठे घालायचे तेही स्पष्ट सांगतो. ट्रॉल्यांचं स्टील ३०४ ग्रेडचं घ्या. स्वस्तात मिळतं ते बहुधा २०२, त्यात निकेल कमी असतं आणि खाऱ्या हवेत त्यावर लवकर गंजाचे ठिपके येतात. लोहचुंबक लावून चांगलं स्टील ओळखता येतं ही समजूत सोडा. दोन्हींना चुंबक धरत नाही. बिलावर ग्रेड लिहून घ्या. बाजारात ग्रेड ओळखायचं केमिकल मिळतं, त्याचा थेंब दुकानदाराला समोर टाकायला लावा. चॅनेल आणि बिजागऱ्या मात्र नावाजलेल्या कंपनीच्याच घ्या, हेटिक, एब्को, हाफेले, जी परवडेल ती. ब्रँडला माझा विरोध नाही, ब्रँड जिथे उपयोगाचा आहे तिथे तो घ्यावाच. फक्त तो स्थानिक दुकानातून घ्या, म्हणजे बदलायची वेळ आली तर तेच मॉडेल पुन्हा गावात मिळेल. दारांसाठी १८ मिलिमीटरचा ७१० प्लाय, दोन्ही बाजूंना लॅमिनेट. वरची कपाटं एकदम करू नका. आधी खालचा ओटा पूर्ण करा, सहा महिने स्वयंपाक करा, मग कळेल वर काय हवं ते. आणि काम दिवाळी ते शिमगा या काळात करून घ्या. पावसात प्लाय ओल धरतो, फेविकॉल नीट सुकत नाही, आणि त्या घाईचे परिणाम पुढच्या वर्षी दिसतात.

बजेट पाच-सात लाखांचं असेल, ॲक्रिलिकचं चकचकीत फिनिश हवं असेल, घर डोंगरावर कोरड्या जागी असेल आणि प्लायचाच बॉक्स परवडत असेल, तर शोरूममध्ये जरूर जा. हा लेख त्यांच्यासाठी नाही. हा लेख त्या शिक्षिकेसाठी आहे जिनं पीएफमधून दीड लाख काढले आहेत, आणि त्या आंबा बागायतदारासाठी ज्याला यंदाच्या हंगामाच्या पैशांत हे काम उरकायचं आहे. त्यांना दुसरी संधी नसते, म्हणून त्यांना मिळणारा सल्ला तपासून दिलेला हवा.

ज्यांनी आधीच लांबून माल घेतलाय आणि फसल्यासारखं वाटतंय, त्यांनीही गप्प बसू नये. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं ग्राहकाला आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करायचा अधिकार दिला आहे. दुकान कोल्हापुरात असो की मुंबईत, तक्रार रत्नागिरीतच दाखल होते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी नाही. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा, कोटेशन, बिल, फोटो आणि व्हॉट्सॲपवरचे संदेश जपून ठेवा.

आता दोन शब्द रत्नागिरीतल्या सुतारांना आणि ट्रॉलीवाल्यांना. लोक घाट चढून जातात ते फक्त झगमगाटाला भुलून नव्हे. तिथे त्यांना छापील कोटेशन मिळतं, तारीख मिळते, फोन उचलला जातो. तुम्ही हे तिन्ही दिलंत तर घाट चढायचं कारणच उरणार नाही. दुकानात ७१० प्लायचा आणि ३०४ स्टीलचा नमुना ठेवा, उकळलेला तुकडा समोर ठेवा, बसवून करासकट किती ते लिहून द्या. कडेची पट्टी लावायचं मशीन एकट्याला परवडत नसेल तर चौघांनी मिळून घ्या. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतारकामाचा समावेश आहे. हत्यारांसाठी १५ हजार रुपये आणि दोन टप्प्यांत तीन लाखांपर्यंत पाच टक्के व्याजानं कर्ज त्यात मिळतं. त्यासाठी अर्ज करा.

आणि घर घेणाऱ्यांना एवढंच सांगतो. कोणी कोल्हापूर-मुंबईचं नाव घेतलं की त्याला तीन गोष्टी विचारा. आतला बॉक्स कशाचा आहे? बसवून, करासकट शेवटची रक्कम किती? आणि पहिल्या पावसाळ्यात दार फुगलं तर दुरुस्तीला माणूस किती दिवसांत दारात उभा राहील? या तिन्हींची लेखी उत्तरं जो देईल त्याच्याकडून स्वयंपाकघर घ्या. माझी खात्री आहे, तो माणूस तुम्हाला गावातच भेटेल.